‘चला’ कोण म्हणतं

९ फेब्रुवारी

ताई,

आधीच सांगते, शुद्धलेखन बघू नकोस आणि उशीर झाला म्हणून चिडू नकोस. मी मावशीच्या जुन्या फोनवर एका बोटाने टाईप करते. जोडाक्षर शोधेपर्यंत काय लिहायचं होतं तेच विसरते. त्यात हा फोन आपणहून शब्द सुचवतो. ‘ज’ दाबलं की ‘जेवलीस का’, ‘च’ दाबलं की ‘चला’. सगळे मावशीचेच. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात, तुझ्या आईची मेल्यावरही गेली नाही. हे वाचून रडू नकोस, मी हसत लिहिलंय.

आता तुझा प्रश्न. वेगवेगळ्या कामांत माणसं कशी सांभाळतात, त्यातलं आधुनिक व्यवस्थापन कौशल्य काय, असं काहीतरी तू विद्यापीठात शोधतेयस. मी ते माझ्या आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, “तुझ्या मावशीने एवढ्या बायका सांभाळल्या त्या कौशल्याने नाही, डोळे वटारून.” हे पण लिहून घे पाहिजे तर.

लाँड्री तू लहानपणी पाहिलीस, पण रोलर तू गेल्यावर आला. हॉस्पिटलच्या आणि हॉटेलांच्या चादरी येतात. ओली चादर दोघी पुढून घालतात, आतले तापलेले रूळ ती ओढून घेतात, मागून दोघी कोरडी बाहेर घेतात. मशीन माणसापेक्षा उंच आणि वाफ एवढी की पुढच्यांना मागच्या दिसतच नाहीत. मधेच एखादी चादर आत गुंडाळली जाते. मग मशीन थांबवायचं, मागच्यांनी झाकण उचलून आत हात घालून ती सोडवायची, की परत सुरू. पण सुरू करायचं बटण पुढे. म्हणजे हात मागचीचे आणि बोट पुढचीचं.

म्हणून मावशी बाजूला स्टुलावर बसायची. तिथून दोन्हीकडचं दिसतं. बटणावर जी असते तिला सगळे बडबडी म्हणतात. ती ओरडायची, “बाई, चालू?” मावशी मागचे हात बाहेर आहेत का बघायची आणि म्हणायची, “चला.” हात आत असले तर गप्प. ‘नको’ नाही, ‘थांबा’ नाही, काही नाही. नुसती गप्प बसायची, आणि तेवढ्यात सगळ्यांना घाम फुटायचा.

झालं कौशल्य. आता पुढचं संशोधनात घालू नकोस.

मावशी गेल्यापासून तिच्या जागी कोणी बसलेलं नाही. स्टूल तिथेच आहे. शेजारी घड्या घालायचं टेबल, तिथे मी. मला मावशीनेच तिथे उभं केलं होतं. मी शाळा का सोडली ते तुला माहीतच आहे, उभं राहून उत्तर दे म्हटलं की माझ्या तोंडाला कुलूप लागतं. ती म्हणाली होती, “तू नुसतं बघत जा. बोलायचं माझ्याकडे लागलं.” म्हणून तर इथे मला मौनी म्हणतात.

बडबडी अजून विचारते. रिकाम्या स्टुलाकडे तोंड करून, “बाई, चालू?” सगळ्या थांबतात. आणि ताई, उत्तर येतं. “चला.” हळू, वाफेतून, मावशीच्याच आवाजात. तो शेवटचा ‘ला’ ती जरा ओढायची ना, तसाच. मग बडबडी बटण दाबते. यावर कोणी काही बोलत नाही. मी एकदा धीर करून अक्काला विचारलं. अक्का मागे असते, सगळ्यांत जुनी. ती म्हणाली, “ऐकू येतंय ना तुला? मग कामाला लाग.”

मला भीती वाटत नाही. स्टुलाकडे पाठ मात्र करत नाही.

तुझी
मौनी

१३ फेब्रुवारी

मौनीबाई,

तुझं शुद्धलेखन माझ्या विद्यार्थ्यांपेक्षा बरं आहे, उगाच भाव खाऊ नकोस.

पत्र दोनदा वाचलं. इथे माझं हेच चाललंय. एका वॉर्डच्या मुख्य सिस्टरबरोबर दिवसभर फिरले, नाटकवाल्यांच्या एका पडदा ओढणाऱ्याशी बोलले, काल एका उंच इमारतीच्या कामावर क्रेनवाल्याला भेटले. त्याला म्हटलं, एवढं वजन उचलताना भीती नाही वाटत? तो म्हणाला, “मी वजनाकडे बघतच नाही. खाली एक माणूस हाताने खुणा करतो, मी फक्त त्याच्या हाताकडे बघतो. तो शिंकला तरी मी थांबतो.” म्हणजे डोळे एकाचे आणि हात दुसऱ्याचे. तुझ्या रोलरसारखंच की. सगळीकडे कोणीतरी एक बघणारं असतं आणि बाकीच्यांचा जीव त्याच्या शब्दावर असतो. पुस्तकांत यालाच मोठमोठी नावं आहेत.

पण मेल्यावर शब्द देणारी बाई मला अजून कुठे सापडली नव्हती.

नाही, हे संशोधनात घालणार नाही. हात शिवशिवतायत, पण नाही. दुसरंच एक मागायचंय. माझ्याकडे आईचे ढीगभर फोटो आहेत, आवाज नाही. एकही. ती फोन करायची, जेवलीस का विचारायची, मी हो म्हणायचे, संपलं. असलं बोलणं कोण साठवून ठेवतं? आता आठवायला गेले की तिचे ओठ हलताना दिसतात आणि ऐकू काहीच येत नाही. टीव्हीचा आवाज बंद केल्यासारखं.

तर एक कर. फोन एप्रनच्या खिशात ठेव, रेकॉर्डिंग लावून. एक दिवस. काही नसेलच त्यात, मला माहितीये. मी काही भुताखेतांवर विश्वास ठेवणारी नाही. तरी पाठव.

ताई

२० फेब्रुवारी

ताई,

सोबत पाठवलंय. मला चोरी केल्यासारखं वाटलं. दिवसभर खिशाला हात लावून होते, तर बडबडी म्हणाली, “पोटात दुखतंय का गं? की कोणी चिठ्ठी दिलीये?” मी लाल झाले, म्हणून आता सगळ्यांना वाटतं की चिठ्ठीच आहे.

मी ते ऐकलेलं नाही. तिथे ऐकते तेवढं पुरे. घरात तो आवाज नको वाटतो, आई एकटी असते.

नवे साहेब आलेत. वयाने तुझ्याएवढेच असतील. सगळ्यांना अहो-जाहो करतात, अक्काला पण, त्यामुळे ती मागे वळून बघते की कोणाशी बोलतायत. ते म्हणाले की एक संशोधक बाई आपल्याकडून माहिती घेतायत, त्यांना सहकार्य करा. ती तू, हे मी सांगितलं नाही. परवा त्यांनी बडबडीला विचारलं, “तुम्ही स्टुलाला का विचारता?” ती म्हणाली, “साहेब, तुम्ही नाही का फोनला रस्ता विचारत? त्यातला सांगणारा तरी कुठे दिसतो.” साहेब हसले. मग स्टुलाकडे बघत राहिले. मग हसायचे थांबले.

मौनी

२२ फेब्रुवारी

मौने,

बसली आहेस ना? बस.

ऐकलं. आधी वाफेचा आवाज, चादरी आपटल्याचा आवाज, तुझा श्वास. मग लांबून बडबडी ओरडते, “बाई, चालू?” मग थोडा वेळ काही नाही. आणि मग “चला.”

तो आईचा आवाज आहे. शंकाच नको. ‘ला’ ओढलेला. मी फोन हातातून टाकला.

मग दिवसभर तेच ऐकत बसले. आणि बाळा, एक गोष्ट लक्षात आली. बडबडी लांब आहे, मशीन लांब आहे. ‘चला’ मात्र अगदी फोनला चिकटून येतं. त्याच्याआधी एप्रनचं कापड सरकतं आणि कोणीतरी श्वास आत घेतं, तोच श्वास जो बाकी वेळ सगळीकडे आहे. तुझा.

ते तू म्हणतेस, मौने. प्रत्येक वेळी. तुला माहीत नाहीये का?

मला वाटतं तू मागचे हात बघतेस, सगळं ठीक आहे हे तुला कळतं, आणि तोंडातून आपोआप निघतं. किती दिवस शेजारी उभं राहून ऐकलंस, तिचाच सूर लागला. यात घाबरण्यासारखं काही नाही. उलट किती मोठी गोष्ट आहे ही. शाळेत जिचं तोंड उघडत नव्हतं ती सगळी लाँड्री चालवतेय.

लगेच लिही.

ताई

२ मार्च

मौने, पत्र नाही तुझं. फोनही उचलत नाहीस. तुझ्या आईला फोन केला, ती म्हणाली तू बरी आहेस, जेवतेस, कामावर जातेस. पण बोलत नाहीस. आधी तरी कुठे बोलायची, असंही म्हणाली. मला काळजी वाटतेय.

११ मार्च

चुकलं माझं काही? एका शब्दात उत्तर दे. शिवी दिलीस तरी चालेल.

१५ मार्च

ताई,

शिवी येत नाही मला. बडबडीकडून शिकून घेईन.

तुझं पत्र वाचल्यावर मी आधी म्हटलं, खोटं आहे. मग रेकॉर्डिंग लावलं, पांघरुणात, अगदी हळू. दुसऱ्यांदा लावायची हिंमत झाली नाही. तुझं स्वतःचं तोंड तुला न विचारता दुसऱ्याच्या आवाजात बोलत असेल तर तुला कसं वाटेल? मी आरशात ओठ बघत बसले. कधी हलतात ते बघायला.

सकाळी अक्काला बाजूला घेतलं. विचारता येईना, नुसती तिच्याकडे बघत राहिले. तिला कळलं. म्हणाली, “कोणी सांगितलं तुला?” म्हणजे त्यांना माहीत होतं, ताई. सगळ्यांना. पहिल्या दिवसापासून. त्यांनी ठरवलं होतं की मला सांगायचं नाही. “सांगितलं असतं तर तू गप्प झाली असतीस,” अक्का म्हणाली. “आणि बाईंना दिसायचं ते आता तुझ्याशिवाय कोणाला दिसतं? आम्ही मागे आंधळ्या, त्या पुढे आंधळ्या.” मी म्हटलं, पण आवाज? आवाज मावशीचा कसा? अक्का म्हणाली, “ते आम्हाला नको विचारू. आम्ही पण स्टुलाकडे पाठ करत नाही.”

झालं तिला वाटलं तसंच. त्या दिवशी बडबडीने विचारलं, “बाई, चालू?” आणि काही नाही. मी मागे बघत होते, हात बाहेर होते, बोलणारं तोंड माझंच हे आता मला माहीत होतं, आणि ते उघडेना. शाळेत फळ्यासमोर उभं केल्यासारखं. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मग मुद्दाम दुसरीकडे बघितलं, ते जास्त वाईट होतं. बडबडीचं बोट बटणावर तसंच. तिने परत विचारलं, हळू. ती कधी हळू बोलत नाही.

साहेब आले. मशीन बंद का? काय सांगणार त्यांना, मेलेली बाई आज परवानगी देत नाही म्हणून? दोन-चार दिवस हे बघितलं आणि त्यांनी घंटी बसवली. मशीन थांबलं की थोड्या वेळाने घंटी आपोआप वाजते, मग सुरू करायचं. साहेब वाईट नाहीत. त्यांना वाटलं प्रश्न सुटला. बडबडी मात्र घंटीवर विश्वास ठेवत नाही, खाली वाकून मागचे पाय दिसतात का बघते आणि मगच दाबते. सगळं हळू झालंय. घंटी वाजते, आम्ही दचकतो. घंटीला डोळे नसतात.

मला राग एवढाच आहे की ती तिथे होती आणि आता नाही. मी तिला दोनदा गमावलं. तू पण.

मौनी

१८ मार्च

मौने,

 मी संशोधन करणारी, मला समजायला हवं होतं की काही गोष्टी सांगितल्या की मोडतात. घिसाडघाई झाली. पण रडत बसून काय उपयोग, म्हणून एक मार्ग काढलाय.

तुमच्या साहेबांशी मी माझ्या मुलाखतीसाठी बोलतच होते. त्यांना म्हटलं, बायका घंटीवर विश्वास ठेवत नाहीत, ओळखीच्या आवाजावर ठेवतील. घंटीच्या जागी आवाज लावा. आणि त्यांना तेवढा तुकडा कापून पाठवला. फक्त ‘चला’. कोणाचा ते एवढंच सांगितलं की तिथल्या जुन्या मुकादमबाईंचा. तुझं नाव घेतलं नाही.

त्यांना कल्पना फार आवडली. म्हणाले, यंत्राला माणसाचा स्पर्श.

खरं सांगू? संशोधन राहिलं बाजूला. मी रोज सकाळी ते ऐकते, मग दात घासते. कुठेतरी ती अजून कामावर जाते आहे असं मला हवं होतं. आता तुला तोंड उघडायला नको, आणि ती पण राहील. आवडलं ना?

ताई

६ एप्रिल

ताई,

हे मी थांबत थांबत लिहिलंय, चार वेळा पुसलं. शेवटपर्यंत वाच, मग काय ते म्हण.

साहेबांनी खांबावर छोटा स्पीकर लावला, बरोबर स्टुलाच्या वर. पहिल्यांदा आवाज आला तेव्हा बडबडी रडली. तोंडावर चादर धरून. अक्काने हात जोडले. मी टेबलाखाली वाकून उगाच काहीतरी शोधत बसले, कारण तो आवाज खांबातून आला तरी माझा गळा आतून हलला.

मग सगळ्या खूश झाल्या. काम पहिल्यासारखं जोरात. बडबडी वाकून बघायची बंद झाली. कशाला बघेल? बाईंनी ‘चला’ म्हटलं म्हणजे बाईंनी बघितलंय. इतकी वर्षं तसंच होतं. बडबडी एवढी सोकावली की “बाई, चालू?” विचारून स्पीकरला म्हणायची, “लवकर सांगा हो, तुमची झोप झाली असेल तर.” सगळ्या हसायच्या. मी पण. मला वाटलं ताईने केलं ते बरं केलं. माझ्या डोक्यात काही आलं नाही. हे तुला एकटीला लागू नये म्हणून सांगते.

परवा सकाळी दोन चादरी एकात एक गुंडाळल्या. मशीन थांबवलं. अक्काने झाकण उचललं. हॉस्पिटलची चादर, तिच्या कोपऱ्याची गाठ आत कुठेतरी अडकलेली, अक्काचे दोन्ही हात कोपरापर्यंत आत आणि गाल मशीनला टेकलेला. मी घडी घालता घालता बघत होते, नेहमीसारखी. नुसतं बघ म्हणून सांगितलेली.

बडबडी ओरडली, “बाई, चालू?”

अक्काने वर बघितलं. तिला पण वाटलं, बाई गप्प राहतील. बाई नेहमी गप्प राहतात.

आणि मावशी म्हणाली, “चला.”

तिच्याच आवाजात. ‘ला’ ओढून. शांतपणे. ताई, अक्काचा तो चेहरा मी विसरणार नाही. अक्काने हात काढले नाहीत. हात काढायच्या ऐवजी तिने स्टुलाकडे बघितलं. जणू विचारत होती की बाई, असं कसं म्हणालात?

“थांबा.”

हे मी म्हटलं. मला वाटतं ओरडले. बडबडी म्हणते कानठळ्या बसल्या, पण तिचं काय, ती मीठ-मसाला लावते. बोट बटणाला टेकलं होतं. तिने ते असं मागे घेतलं की जणू बटणच तापलेलं आहे. अक्काने हात बाहेर काढले आणि त्यांच्याकडे बघत बसली, उलटे, सुलटे. मग खाली बसली. मग सगळ्या तिच्याभोवती, कोणी पाणी, कोणी वारा. साहेब पांढरेफटक. त्यांनी स्वतः खुर्चीवर चढून स्पीकर काढला, वायर तुटली तरी ओढत राहिले.  संध्याकाळी माझ्याकडे आले आणि म्हणाले, “तुम्हाला तिथून दिसतं?” मी मान हलवली. ते म्हणाले, “मान नको हलवू बाळा. तोंडाने सांग.” पहिल्यांदाच अरे-तुरेवर आले. मी म्हटलं, “दिसतं.”

आता ऐक. मी रात्रभर हाच विचार करत होते. मावशीने कधी ‘थांबा’ म्हटलेलं नाही. एकदाही नाही, कोणालाही विचार. ती नुसती गप्प बसायची. म्हणजे तो शब्द तिचा नव्हता. कुठून आला मला माहीत नाही, पण तो आवाज बारीक होता, फाटका, शेवटी चिरकला. बडबडी म्हणते उंदराच्या शेपटीवर पाय पडल्यासारखा. माझाच होता.

आता बडबडी विचारते तेव्हा मी उत्तर देते. मोठ्याने, जाणूनबुजून. “चला.” पहिल्या दिवशी शब्द निघेपर्यंत एवढा वेळ गेला की अक्का म्हणाली, “आमचे केस पिकायच्या आत सांग.” हात आत असले तर मी मावशीसारखी गप्प बसत नाही. मी ‘थांबा’ म्हणते. गप्प बसायला मावशीच पाहिजे, माझ्या गप्प बसण्याला कोण घाबरतं.

स्टुलावर बसायला सांगतात, मी बसत नाही. शेजारी उभी राहते. एक गोष्ट तुला सांगायची की नाही असं चाललं होतं. मी ‘चला’ म्हणायच्या जरा आधी माझ्या डाव्या बाजूला कोणीतरी श्वास आत घेतं. बोलायच्या आधी घेतात तसा. मग मीच बोलते, आणि तो श्वास तसाच राहतो, सुटत नाही. हे फोनमध्ये पकडायला सांगू नकोस. मी पकडणार नाही.

तुझ्याकडचं रेकॉर्डिंग पुसू नकोस. आई म्हणाली ताईला पुसायला सांग, अभद्र आहे. मी म्हटलं नाही. ते तुझ्याकडे राहू दे. सकाळी ऐक, मग दात घास. तिथे कोणाचा हात आत नसतो. आणि तुझ्या त्या संशोधनात हे सगळं घालायचं असेल तर घाल, माझी हरकत नाही. फक्त क्रेनवाल्याला परत भेटलीस तर सांग, खाली खुणा करणारा माणूस जिवंत आहे ना, एवढं रोज बघत जा.

फोन आता ‘थ’ दाबलं की ‘थांबा’ सुचवतो. ‘च’ला अजून ‘चला’च येतं.

अजून एक, समोरच्या न्हाव्याने दुकानाला झगझगीत निळा रंग लावलाय. सगळी गल्ली नावं ठेवते. मला आवडला. मी आत जाऊन त्याला तसं सांगितलं.

मौनी